डबीचं चाक आणि आक्काचा तळहात

गल्लीत पहिल्यांदा गाडी आली त्या दिवशी कुणी टायरला लाथ मारून पाहिली, कुणी बाजूच्या आरशात बघून भांग पाडला, आणि माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या आक्काने, गळ्यातली टेप काढून गाडीचं माप घेतलं.

आक्का शिवणकाम करते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्या दिवशी ती अर्धवट कॉलर टाकून तशीच उठून आली होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. लांबी घेतली, रुंदी घेतली, दार उघडून सीटची खोली घेतली, वाकून छताची उंचीसुद्धा घेतली. टाचण्यांमुळे तिला बोलता येत नव्हतं, त्यामुळे सगळी गल्ली तोंडाकडे बघत उभी. शेवटी तिने टाचण्या एकेक करून पदराला लावल्या आणि निकाल दिला, "बेतणारा हुशार होता. चिंधीसुद्धा वाया घालवलेली नाही."

गाडी आणली होती दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी. त्यांना गाडी शिकवायची शाळा काढायची होती. शाळा म्हणजे काय, दाजी आणि ही गाडी. कुठल्या तरी डॉक्टरने वापरून सोडलेली, फिकट पिवळी, गोल दिव्यांची आणि इतकी आखूड की मागून बघणाऱ्याला वाटावं, पुढचा अर्धा भाग अजून यायचाय. आक्काने नाव ठेवलं डबी. ते नाव इतकं चिकटलं की पुढे शाळेच्या पाटीवर दाजींनी स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं तरी लोक पत्ता सांगताना 'डबीवाले' असंच सांगत.

आता डबीबद्दल मला बोलू द्या. अडवायला इथे कोणी नाही, म्हणून सावकाश बोलतो. मी खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आयुष्याची बरीच वर्षं मी या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो आहे, आणि मागच्या सीटवरून गाडीचा स्वभाव जितका कळतो तितका पुढून कळत नाही.

तर डबीला नाक नव्हतं. काच संपली की गाडी संपली. मागेही तसंच. म्हणजे गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बसल्या जागी डोळ्यांना दिसायचं. चाकं चार कोपऱ्यांना, अगदी टोकाला, खाटेच्या पायांसारखी. त्यामुळे गाडी वळली की आपण तिच्याबरोबर वळायचो, नंतर नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्या मावशींची हातगाडी असते. मोठ्या गाड्यांना तिथे पुढे-मागे करताना घाम फुटायचा, शिवाय मावशींची बोलणी खावी लागायची ती वेगळीच. डबी एका दमात फिरायची, आणि फिरताना दाजी खिडकीतून हात काढून टोमॅटोसुद्धा निवडायचे. खिडकीच्या काचा हाताने फिरवायच्या. आतली जागा तर मला जादूच वाटायची. मी, दाजी, आक्का, कापडाचे तागे आणि वर दुरुस्तीला न्यायचं शिलाई मशीन, सगळं मावायचं. एकदा त्यात कुलूपवाल्याचं सगळं कुटुंब लग्नाला गेलं. उतरताना लोक मोजत होते आणि माणसं निघतच होती. नवरदेवाच्या मामांनी तर वाकून गाडीखाली पाहिलं, जमिनीतून येतायत की काय.

तक्रारी होत्याच. दुसरा गिअर लोण्यासारखा पडायचा, पण तिसरा पडताना कुणी गुदगुल्या केल्यासारखा खिदळायचा. चढावर तिला दम लागायचा. वळणावर ती अंग टाकायची, आळसावलेलं मांजर टाकतं तसं, पण उलटायची मात्र कधीच नाही. आणि हॉर्न! मापाच्या मानाने फारच मोठा. स्टिअरिंगच्या मधोमध बशीएवढं बटण. त्यावर हात पडला की शेजारच्या गल्लीतली माणसं बाजूला व्हायची.

आमच्या भागात जो कुणी गाडी चालवतो तो डबीवर शिकलेला. पोस्टमन, दातांचे डॉक्टर, दोन नगरसेवक, सगळे. दाजींच्या बाजूला जादा ब्रेक होता. शिकाऊ घाबरला की दाजी तो हळूच दाबायचे आणि म्हणायचे, "छान थांबवलीत." शिकाऊला वाटायचं, आपणच थांबवली. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. मला शिकवताना मात्र त्यांनी हात टेकले, कारण घाईत मला डावं-उजवं कळत नाही. "मेहुणे," ते म्हणाले होते, "तुम्ही मागे बसा. मागे तुम्ही शोभून दिसता."

आक्का कधीच शिकली नाही. तिला वेळच नव्हता. डबी रस्त्यावर, आक्का मशीनवर, असा त्यांचा संसार. पण जाता-येता तिची नजर डबीवर असायची. सणवार आला की सीटची कव्हरं बदलायची, कोटांच्या उरलेल्या तुकड्यांची. एक सीट करडी, एक निळी, मागची अर्धी चौकटीची आणि अर्धी रेघांची. मी बसायचो तो भाग चौकटीचा.

मग दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं जग हळूहळू पुसत चाललं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता गाडी नाही. दाजींनी शाळा बंद केली. पाटी उतरवली. सकाळी उठून डबीत जाऊन बसायचे, दार लावून, चावी हातात धरून. काच पुसायचे. मग पुन्हा काच पुसायचे. चहा आक्का खिडकीतून द्यायची.

माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, दुसऱ्या शहरात असते. ती आली, तिने हे पाहिलं आणि जेवताना विषय काढला.

"आई, बाबा एक दिवस चावी फिरवतील आणि निघतील. मला झोप लागत नाही तिकडे."

"मी काय लहान आहे?" दाजी म्हणाले.

"लहान असतात तर चावी काढून घेतली असती, बाबा. गाडी विकून टाकू. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

दाजींनी घास खाली ठेवला. आक्काने नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग मुलीकडे.

"घरात गाडी चालवणारं माणूस असेल तर?" ती म्हणाली.

"मामा?" भाचीने माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या गंभीर प्रसंगात तिला हसू आलं.

"मामा नाही. मी."

 भाची शहाणी आहे. ती म्हणाली, "बरं. मी पुढच्या सुट्टीत येईन तोवर तुझ्याकडे लायसन्स असेल तर डबी राहील. नसेल तर गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. मग कुणी रडायचं नाही."

"रडतंय कोण?" असं म्हणून दाजी हात धुवायला गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी आक्काने अट घातली. अट दाजींना, गाडीला नाही. "शिकवणार असाल तर गिऱ्हाइकासारखं शिकवा. गाडीत मी तुमची बायको नाही. मी शिकाऊ, तुम्ही सर."

"म्हणजे मी तुला अहो-जाहो करू?"

"पोस्टमनला करत होतात ना? मग?"

जागा ठरली धोब्याच्या मैदानाची. बंद पडलेल्या गोदामामागे मोकळं मैदान आहे; एका कडेला धोबी कपडे वाळत घालतो, बाकी चिटपाखरू नसतं. दाजींना कडेचं दिसत नाही म्हणून मला मागे बसवलं. डावं-उजवं मला जमत नसल्याने आम्ही खूण ठरवली: ज्या बाजूने काही येईल त्या बाजूचा दाजींचा खांदा मी थोपटायचा. अशा रीतीने शिकवणाऱ्याला अर्धंच दिसणारं, डोळे म्हणून नेमलेला माणूस डावं-उजवं न कळणारा, आणि शिकणारी बाई साठीची. डबीने त्या दिवशी काय विचार केला असेल देव जाणे.

"बाई, क्लच दाबा. गिअर टाका. आता क्लच हळू, अगदी हळू सोडा," दाजी म्हणाले.

आक्काने सोडला. डबी निघाली. निघाली म्हणजे अशी निघाली की माझ्या हातातला चहा हललासुद्धा नाही. दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्याच दिवशी गाडीला उचकी न आणणारा शिकाऊ त्यांना भेटला नव्हता. पण त्यात नवल कसलं? आयुष्यभर पायमशीनची पाटी चालवलेले पाय ते. किती दाबायचं आणि कधी सोडायचं हे त्यांना कोण शिकवणार! आणि सरळ तर इतकी गेली की मी मागच्या काचेतून मातीतले चाकांचे माग बघत होतो. टीप मारावी तसे.

"वा बाई! आता समोर वाळत घातलेले कपडे दिसतायत. त्यांच्या अलीकडे थांबवा."

"थांबवते सर."

आणि हॉर्न वाजला. लांबलचक, एकसारखा. डबी काही थांबली नाही.

"बाई, थांबवा!"

"थांबवतेच आहे!"

हॉर्न वाजतोय, कपडे जवळ येतायत.

"अगं ब्रेक! ब्रेक दाब!"

मी घाईघाईने दाजींचे दोन्ही खांदे थोपटले. दाजींनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा काचेवर एक मोठी फुलाफुलांची चादर येऊन पसरली होती आणि आम्ही तिघं अंधारात होतो. हॉर्न अजून वाजतच होता, कारण आक्काचा तळहात स्टिअरिंगच्या मधोमध दाबलेला तसाच होता.

चादर बाजूला झाली आणि धोब्याचं तोंड दिसलं. "आक्का, गाडीपण इस्त्रीला टाकायची होती का?"

आक्काने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ती दाजींकडे वळली. "'अगं' कुणाला म्हणालात, सर?"

"चुकलं, बाई."

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. निघणं फर्मास, वळणं फर्मास, मागे घेणं तर बघत राहावं असं. आणि थांबायची वेळ आली की तळहात चाकावर, हॉर्न आभाळात आणि पाय जागच्या जागी निवांत. धोबी आमची वेळ बघून कपडे वाळत घालू लागला. आक्काला स्वतःला कळत नव्हतं की हात तिकडे का जातो. "मी ठरवते हो पाय दाबायचा," ती म्हणायची, "पण हात आधी पळतो."  भाचीचा फोन आला की आक्का आणि दाजी एकमेकांकडे बघायचे आणि हवामानाविषयी बोलायचे.

कोडं सुटलं ते दुकानात. दाजींना आता दिवसभर काम नव्हतं, म्हणून ते आक्कासमोर स्टुलावर बसून असायचे. समोरचं तर त्यांना दिसायचंच. आक्का एक लांब टीप मारत होती. पाय पाटीवर एका लयीत. टीप संपली. पाय थांबले आणि उजवा तळहात मशीनच्या चाकावर जाऊन बसला. चाक थांबलं. दुसरी टीप. पुन्हा पाय थांबले, तळहात चाकावर. तिसरी. दाजी स्टुलावरून असे उठले की स्टूल पडलं.

"मेहुणे! इकडे या! हिची चूक नाहीये!"

मी शेजारच्या खोलीतून आलो. "काय झालं?"

"बघा. पायमशीन थांबवायचं कसं? तळहात चाकावर ठेवून. लग्नाआधीपासून ही असंच थांबवत आलीय. ती डबीलापण तसंच थांबवते. चाक समोर दिसतं, थांबायचं असतं, हात जातो. आणि पाय म्हणतात, आपलं काम झालं."

आक्काने आपल्या तळहाताकडे पाहिलं, जणू तो शेजारणीचा आहे. मग ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. इतकी हसली की सुईतला दोरा निघाला. "म्हणजे मी इतके दिवस डबीला मशीन समजत होते? आणि तुम्ही मला ब्रेक शिकवत होतात!"

"आता हात बांधून ठेवायचा का?" मी विचारलं.

"छे! तो हात कसला ऐकतोय," दाजी म्हणाले. "हात जाऊ दे त्याच्या वाटेने. पायाला त्याच्यामागे जायला शिकवू."

शाळा बंद झाल्यापासून मी दाजींना असं उत्साहात पाहिलं नव्हतं. त्यांनी आपली एक जुनी चप्पल घेतली आणि मशीनच्या पाटीशेजारी उजव्या बाजूला फळीवर ठोकून बसवली, जरा उंच, खाली रबराचा तुकडा घालून. नियम असा: टीप संपली की तळहात चाकावर आणि लगेच उजवा पाय चपलेवर, दाबून. दोन्ही मिळून थांबणं पुरं. नुसता हात गेला तर दाजी स्टुलावरून म्हणायचे, "बाई, चादर!"

गिऱ्हाइकांना काही कळेना. एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आक्का प्रत्येक टिपेनंतर यजमानांची चप्पल का तुडवतात?"

मी म्हणालो, "जुनी बाकी आहे काहीतरी." त्या समाधानाने गेल्या.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं डबीतून निघालो. पोस्टमनने चालवत नेलं आणि वाटेभर तो दाजींकडे बघत होता, आपलं काही चुकत तर नाही ना. परीक्षेच्या मैदानाच्या दारात नियम असा की जादा ब्रेक बंद करायचा. तिथल्या मेकॅनिकने खाली वाकून तो ब्रेक जोडणारी सळई खट्कन काढली आणि दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती खिशात घातली. वर्षानुवर्षं ज्या ब्रेकने शहर वाचवलं त्याची सळई खिशात घेऊन ते माझ्या शेजारी कुंपणाला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याचं मी काही वर्णन करत नाही.

परीक्षा घेणारे साहेब आक्काच्या शेजारी बसले. डबी निघाली.

"काय चाललंय? सांगा, सांगा," दाजी म्हणाले. कारण गाडी समोरून सरकली की त्यांना दिसेनाशी व्हायची. मी ज्या बाजूला गाडी त्या बाजूचा खांदा थोपटत होतो आणि ते तिकडे मान फिरवत होते.

"आठचा आकडा काढतेय. झाला. काढला. आता दोन खांबांच्या मध्ये मागे घ्यायचंय."

"किती जागा?"

"कमी आहे."

"तिला पुरेल."

पुरली. नंतर आक्काने सांगितलं की तिने दोन्ही बाजूंना शिलाईपुरतं अंतर सोडलं, जास्त सोडलं तर अंगाला ढगळ होतं. साहेबांनी खाली उतरून पाहिलं, पुन्हा आत बसले. आता नुसता एक फेरा मारायचा आणि रेघेवर थांबायचं.

तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई मैदान ओलांडून निघाला. डोक्यावर खुर्च्यांची चळत, पाय दिसतायत, तोंड नाही. त्यालाही काही दिसत नव्हतं. तो सरळ डबीच्या वाटेत आला.

मी दाजींचा खांदा थोपटायचंही विसरलो. नुसता घट्ट धरला.

हॉर्न वाजला. शहरभर.

दाजींचा पाय कुंपणाच्या खालच्या पट्टीवर गेला आणि त्यांनी पट्टी जीव खाऊन दाबली. पट्टी मोडली.

खुर्च्या चौफेर पडल्या. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा डबी उभी होती, जागच्या जागी, शिपायाच्या गुडघ्यांपासून हातभर अलीकडे. आतमध्ये आक्काचा तळहात चाकावर होता आणि, मी डोळे ताणून पाहिलं, तिचा उजवा खांदा खाली झुकलेला होता. पाय चपलेवर होता. म्हणजे ब्रेकवर.

"थांबली?" दाजींनी विचारलं.

"थांबली."

"कुणी थांबवली?"

"आपल्या बाईंनी. तुम्ही तर कुंपण मोडलंत."

साहेबांनी विचारलेलं आम्हाला खिडकीतून ऐकू आलं. "थांबताना हॉर्न कशाला?"

"थांबतेय हे त्याला कळायला नको?" आक्का म्हणाली.

"थांबताना कुणी हॉर्न वाजवत नाही, आई."

"मी वाजवते. मुकाट्याने थांबणाऱ्या गाडीचा भरवसा काय? आणि साहेब, तुमच्या बाहीचं बटण पडायला आलंय, जपा."

साहेब बटण चाचपत उतरले. बराच वेळ त्यांनी काही लिहिलं. मग कागद खिडकीतून आत दिला. "पास. पण हॉर्न जरा कमी."

सुट्टीत भाची आली तेव्हा तिला स्टेशनवर घ्यायला आक्का गेली. भाची डबीत बसली, पहिल्या सिग्नलला हॉर्न वाजवत गाडी थांबली, आणि तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुझ्या आईची पद्धत आहे. सवय होईल." गिऱ्हाईक तिने फोनवर परत पाठवलं.

आता रोज संध्याकाळी आम्ही तिघं फेरी मारायला निघतो. आक्का चालवते, दाजी शेजारी, मी मागे चौकटीच्या सीटवर. दाजींच्या बाजूचा ब्रेक तसाच आहे आणि दाजी तो दर थांब्याला दाबतात. "बघितलंत? वेळेवर दाबला म्हणून बरं," असं म्हणतात. आक्का म्हणते, "हो सर."

परीक्षेच्या दिवशी काढलेली ती सळई कुणी पुन्हा बसवलीच नाही. 'बसवून घेते' म्हणून आक्काने ती दाजींकडून मागून घेतली, आणि ती अजून तिच्या शिवणाच्या खणात, कात्र्यांखाली आहे. आक्काने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "यांना सांगू नकोस हं. तेवढंच त्यांना गाडी चालवल्यासारखं वाटतं."

मी सांगितलं नाही. पण मागच्या आठवड्यात आक्का दोरे घ्यायला उतरली होती आणि आम्ही दोघंच गाडीत होतो, तेव्हा दाजींनी पाय ब्रेकवर ठेवून दोनदा खालीवर केला. तो काडीइतकाही अडला नाही.

"पोकळ आहे हा, मेहुणे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं मला. पायाला कळणार नाही होय? पण हिला बोलू नका. मी दाबायचं सोडलं तर तिला वाटेल, सरांचं लक्ष नाही."

तोवर आक्का आली. दोऱ्याची पिशवी तिने माझ्या मांडीवर टाकली, क्लच सोडला आणि डबी निघाली, माझ्या हातातला चहा न हलवता. कोपऱ्यावर मावशींची हातगाडी दिसली. तळहात चाकावर गेला. हॉर्न वाजला. दोन उजवे पाय एकदम खाली गेले, एक खरा आणि एक पोकळ, आणि डबी थांबली.

"छान थांबवलीत," दोघंही एकदम म्हणाले.